नियत, नियती आणि पवनारचे दोन शब्द

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एका भाषेतून दुसरीत जाताना शब्दाचा पाय कुठे घसरतो ते रोज बघायला मिळतं. मागच्या वर्षी नववीला भाषांतरासाठी फळ्यावर उर्दूत एक वाक्य लिहिलं. मकतबात जाणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत असलेल्या हदीसचा आशय होता तो, की माणसाच्या कामाचं मोल त्यामागची नियत पाहून ठरतं. निम्म्याहून अधिक मुलांनी मराठीत लिहिलं, 'नियतीवरून ठरतं'. एकाला उभं करून विचारलं, "नियती म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "नशीब, सर."

मुलांची चूक अर्धीच होती. मराठीत 'नियत'ला प्रत्यय लावायला गेलं की तोंडात आपोआप 'नियतीवर', 'नियतीनं' असं येतं आणि मग ती 'नियती'पासून वेगळी ओळखता येत नाही. पण अर्थ पार उलटा झाला. जी जबाबदारी माणसाच्या मनावर टाकली होती ती नशिबाच्या डोक्यावर गेली. मी फळ्यावर 'हेतू' लिहिलं आणि तास संपवला.

हिंगणीला घरी येताना मात्र डोक्यात पवनार होतं. शब्द सांगणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या हातात दुसरंच, असं झालं की काय होतं याचा मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. हिंगणीहून सेलू आणि सेलूहून वर्ध्याच्या रस्त्याला लागलं की धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. १९७५ साली तिथून दोन शब्द बाहेर पडले, 'अनुशासन पर्व'. त्या शब्दांबद्दल लोक आजही दोन बाजूंनी भांडतात. एक बाजू म्हणते, बाबांची नियत बघा. दुसरी म्हणते, परिणाम बघा. मला या भांडणात रस आहे, आणि त्याला घरचंही एक कारण आहे. ते शेवटी सांगतो.

आधी हदीसबद्दल. सहीह बुखारीची सुरुवात ज्या हदीसने होते ती हीच, हेतूची. ती सांगणारे आहेत हजरत उमर (र.), आणि त्यांनी ती मिंबरवरून, भर लोकांत सांगितली. तिच्यात हिजरतचं उदाहरण आहे. दोन माणसं एकाच वाटेने मदीनेला जातात, पायाला फोड दोघांच्या सारखेच येतात, पण एक अल्लाहसाठी निघालाय आणि दुसरा दुनियेच्या एखाद्या फायद्यासाठी. दोघांची हिजरत एक नाही.

हे आपण सगळे सांगतो. जुम्याच्या बयानात सांगतो, भांडण मिटवताना सांगतो, आणि खरं सांगायचं तर स्वतःची चूक झाकतानाही सांगतो. पण याच उमरांचं दुसरं एक म्हणणं त्याच बुखारीत आहे आणि ते क्वचितच ऐकू येतं. खलिफा झाल्यावर त्यांनी लोकांना बजावलं की प्रेषितांच्या (स.) काळात वही येत होती, तिच्यातून माणसांच्या आतलं उघड होत असे, आता वही थांबली आहे. आता आम्ही तुम्हाला तुमच्या उघड कामांवरून धरू. चांगलं करताना दिसलात तर विश्वास ठेवू, आतलं अल्लाह बघेल. वाईट करताना दिसलात तर आतून मी चांगला आहे म्हणालात तरी मानणार नाही.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आपल्यापर्यंत आल्यात. पहिली ज्याचा त्याने स्वतःला लावायचा नियम आहे, दुसरी दुसऱ्याला पारखताना लावायची. आपण बहुधा अदलाबदल करतो. स्वतःसाठी नियत पुढे करतो आणि शेजाऱ्याला कामावरून झोडपतो. शेजारी आवडत नसेल तर त्याचं काम न बघताच त्याची नियत ठरवून मोकळे होतो.

तिसरी एक हकीकत आहे, तीही शब्द चुकल्याचीच. मक्का जिंकल्यानंतर खालिद बिन वलीद (र.) यांना बनू जझीमा या टोळीकडे पाठवलं होतं. 'आम्ही इस्लाम स्वीकारला' हे त्या लोकांना नीट म्हणता आलं नाही. त्यांनी आपला जुना धर्म सोडल्याचा जो शब्द वापरला तो खालिद यांना पटला नाही आणि त्यांनी माणसं मारली, कैदी केली. कैद्यांना मारा असाही हुकूम सोडला. उमरांचे पुत्र अब्दुल्लाह त्या तुकडीत होते, त्यांनी आपल्या हातातल्या कैद्याला मारायला नकार दिला. प्रेषितांना (स.) कळलं तेव्हा त्यांनी हात वर करून अल्लाहसमोर सांगितलं की खालिदने जे केलं त्याच्याशी माझा संबंध नाही. मग हजरत अली (र.) यांना पैसे देऊन पाठवलं, मेलेल्यांचा खूनबहा चुकता केला. खालिद मात्र सेनापती राहिले. त्यांच्या मनात खोट होती असं कुणी म्हटलं नाही. पण जे झालं ते झालंच नाही, असंही कुणी म्हटलं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना काय मिळालं, हा प्रश्न नियतीच्या (बघा, मीही घसरलो) चर्चेत बुडून गेला नाही.

आता पवनारला येऊ.

विनोबा १९२१ मध्ये जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून वर्ध्याला आले आणि १९३८ पासून पवनारला राहू लागले. ज्यांना ते फक्त भूदानाचे म्हणून माहीत आहेत त्यांना सांगतो की मुसलमानांशी त्यांचं नातं भाषणापुरतं नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर ते मूळ कुरआन वाचता यावं म्हणून अरबी शिकले. तजवीदसकट तिलावत करत, आणि गांधीजींनी मौलाना आझादांसमोर त्यांना म्हणायला लावलं तेव्हा मौलाना चकित झाले, असं सांगतात. १९४८ मध्ये गांधीजी गेल्यानंतर ते दिल्लीकडे गेले आणि मेवातच्या मेव मुसलमानांना त्यांच्या गावात पुन्हा बसवण्याच्या कामात महिनोन्‌महिने राहिले. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत हे काम करायला फार लोक पुढे येत नव्हते. नंतर त्यांनी कुरआनमधल्या आयती विषयवार निवडून 'कुरान-सार' तयार केलं. उर्दूत ते 'रूहुल कुरआन' म्हणून ओळखलं जातं.

या पुस्तकाची गंमत ऐका. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये विनोबा पदयात्रा करत पूर्व पाकिस्तानातून जाणार होते. पुस्तक लोकांच्या हातात पडायच्या आधीच कराचीच्या 'डॉन'ने त्यावर टीका सुरू केली. कुरआनची काटछाट करणारा हा काफर कोण, असा सूर होता. पुस्तक कुणी पाहिलेलं नव्हतं. काम समोर नसताना नियत ठरवली गेली, आणि ती माणसाचं नाव व धर्म पाहून ठरवली गेली. हिंदुस्थानातल्या काही मुस्लिम लेखकांनी आणि वृत्तपत्रांनी त्या वेळी विनोबांची बाजू घेतली. विनोबा पूर्व पाकिस्तानात सोळा दिवस चालले आणि तिथल्या लोकांनी त्यांना जमीनही दिली.

म्हणजे १९६२ मध्ये आमच्याकडच्या लोकांनी या माणसावर अन्याय केला, तो असा. आता तेरा वर्षं पुढे जाऊ, तिथे चित्र उलटं आहे. तिथे काम सगळ्यांच्या समोर होतं आणि भक्त म्हणत होते, कामाकडे बघू नका.

१९७४ साल. जयप्रकाश नारायण बिहारच्या आंदोलनात उतरले होते. जयप्रकाश म्हणजे विनोबांच्या भूदानासाठी १९५४ मध्ये जीवनदान जाहीर केलेले माणूस, वीस वर्षांचे सोबती. पण रस्त्यावरच्या आंदोलनाने सरकारला खेचायचं, ही रीत विनोबांना पसंत नव्हती. सर्व सेवा संघात उभी फूट पडली. बहुसंख्य जयप्रकाशांच्या बाजूने गेले. विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून एक वर्षाचं मौन घेतलं.

त्या मौनाच्या निम्म्यावर, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणी लागली. जयप्रकाशांना पहाटे पकडलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. ४ जुलैला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, जमाते इस्लामी हिंद, आनंदमार्ग अशा अनेक संघटनांवर एकदम बंदी आली, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे लोक येरवड्याला एका आवारात राहू लागले. तिथे झालेल्या मैत्रीच्या गोष्टी जमातच्या जुन्या लोकांकडून ऐकण्यासारख्या असतात. देशभरात त्या एकवीस महिन्यांत लाखाहून अधिक माणसं खटल्याविना आत टाकली गेली, हा आकडा पुढे शाह आयोगाच्या चौकशीत पुढे आला.

अशा वेळी काँग्रेसचे खासदार वसंत साठे पवनारला जाऊन आले आणि मौनात असलेल्या बाबांचे दोन शब्द त्यांच्यामार्फत देशभर गेले. 'अनुशासन पर्व'. सरकारला यापेक्षा चांगली जाहिरात मिळणार नव्हती. आकाशवाणीवर, सरकारी जाहिरातींत, फलकांवर, शाळा-कचेऱ्यांच्या भिंतींवर ते शब्द आले. गांधीजींचा पहिला वैयक्तिक सत्याग्रही, ज्याला १९४० मध्ये त्यांनी नेहरूंच्याही आधी निवडलं, तो म्हणतोय की हे शिस्तीचं पर्व आहे. मग तुम्ही-आम्ही कोण विचारणारे?

विनोबांच्या मनात काय होतं? 'अनुशासन' हा संस्कृत शब्द आहे आणि संस्कृतात त्याचा मूळ अर्थ शिकवण, उपदेश. पतंजलीच्या योगसूत्रांची सुरुवात याच अर्थाने होते. महाभारतातलं तेरावं पर्व ते अनुशासन पर्व, त्यात शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला राज्य कसं करावं, दान कसं द्यावं, हे सांगतात. म्हणजे बोलणारा राजा नाही, मरायला टेकलेला वृद्ध आहे, आणि ऐकणारा राजा आहे. या अर्थाने 'अनुशासन पर्व' म्हणजे राज्यकर्त्यांनी शहाण्यांचं ऐकून घ्यायची वेळ. पण मराठीत आणि हिंदीत शाळेपासून आपण 'अनुशासन' शिकतो ते 'शिस्त' या अर्थाने. हातावर घडी, तोंडावर बोट. सरकारने तोच अर्थ उचलला, रस्त्यावरच्या माणसालाही तोच कळला.

मौन २५ डिसेंबर १९७५ ला सुटलं आणि विनोबांनी अर्थ उलगडून सांगितला. राज्यकर्त्यांचं असतं ते शासन, आचार्यांचं असतं ते अनुशासन. आचार्य म्हणजे निर्भय, निर्वैर आणि निष्पक्ष माणसं. समाजाने त्यांच्या सल्ल्याने चालावं, आणि एखादं सरकार त्या सल्ल्याच्या विरोधात गेलं तर सत्याग्रहाचा प्रसंग येईल, असंही ते म्हणाले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९७६ मध्ये, पवनारला आचार्य संमेलन भरलं. शिक्षणतज्ज्ञ, कायदेपंडित, लेखक जमले. त्यांनी एकमताने मागणी केली की देशात पुन्हा नेहमीची स्थिती आणावी, पकडलेल्यांना सोडण्याच्या दिशेने पावलं टाकावीत, संवाद सुरू करावा. सरकारने ते निवेदन बाजूला ठेवलं.

इथपर्यंत मी विनोबांच्या बाजूने आहे. शब्द त्यांचा होता, अर्थ दुसऱ्याने बदलला, मौन सुटताच त्यांनी दुरुस्ती केली, आणि ती नुसती बोलून नाही, संमेलन भरवून केली. खालिद यांच्या हकिकतीतल्या भरपाईसारखं काहीतरी तिथे सुरू झालं होतं.

पण मग सत्याग्रहाचा प्रसंग आला होता ना? आचार्यांनी सांगितलं, सरकारने ऐकलं नाही. त्यांनीच ठरवलेली अट पुरी झाली होती. जानेवारीनंतर फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिलमध्ये दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर चालले आणि गोळीबार झाला, सत्याग्रह काही झाला नाही. कैद्यांसाठी उपवास झाला नाही. जयप्रकाशांच्या मूत्रपिंडाने कैदेतच दगा दिला होता आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांना सोडलं ते मरणाच्या दारात असताना. त्या माणसासाठीही पवनारहून असं काही निघालं नाही, जे सरकारला अडचणीचं व्हावं.

आणि उपवास त्यांना शक्य नव्हता असंही नाही. १९७६ मध्येच त्यांनी जाहीर केलं की गोहत्याबंदी झाली नाही तर ११ सप्टेंबरपासून, म्हणजे आपल्या वाढदिवसापासून, आपण उपवासाला बसू. ही घोषणा आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापली गेली, तर जूनमध्ये पोलीस पवनारला आले आणि अंक जप्त करून घेऊन गेले. ज्याच्या शब्दाने सरकारने भिंती रंगवल्या त्याचंच मासिक सरकारने उचललं. वर्तमानपत्रांना ही बातमी देता आली नाही. पुढे सरकारने राज्यांकडे हालचाल केली आणि उपवास टळला. महाराष्ट्रात त्याच साली प्राणी रक्षण कायदा झाला, तो १९७८ पासून लागू झाला.

गायीबद्दल आमच्या वाचकांच्या मनात काय येतं ते मला माहीत आहे. विनोबांची नियत मुसलमानांविरुद्ध होती असं मी म्हणणार नाही. मेवात पाहिलेल्या माणसाबद्दल तसं म्हणणं 'डॉन'सारखंच होईल. शेती, बैल, करुणा हीच त्यांची भाषा होती. तरी बंदीचा भार कुणावर पडला? ज्या कुरेशी घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम तेच होतं त्यांच्यावर, आणि म्हातारं जनावर कुणाला विकायचं या विवंचनेतल्या कास्तकारावरही. १९८२ च्या जानेवारीत देवनारच्या कत्तलखान्यासमोर त्यांच्याच प्रेरणेने सत्याग्रह सुरू झाला आणि तो वर्षानुवर्षं चालला. माझी खंत वेगळी आहे. गायीसाठी प्राण पणाला लावायची तयारी त्या वर्षी होती, आणि लाखभर कैद्यांसाठी नव्हती. हे मी त्यांच्या मनात शिरून म्हणत नाही. हे जे घडलं त्यातून दिसतं, आणि उमर म्हणाले त्याप्रमाणे मला दिसतं तेवढंच बोलायचा अधिकार आहे.

लोकांनी त्यांना 'सरकारी संत' म्हटलं. ते मला पटत नाही, कारण त्या शब्दात नियतीचा (असो, आता दुरुस्त करत नाही) निवाडा आहे. विनोबांना सरकारकडून काय हवं होतं? घर नाही, पद नाही, पैसा नाही. तेरा वर्षं पायी हिंडून चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दुसऱ्यांसाठी मागणाऱ्याला सरकारी म्हणणं म्हणजे रागाने बोलणं झालं. पण त्यांचे अनुयायी जे सांगतात, की शब्दाचा अर्थ लोकांना कळलाच नाही, तेही पुरेसं नाही. जुलै ते डिसेंबर भिंतींवर काय लिहिलंय ते आश्रमात कळत नव्हतं असं नाही. मौन म्हणजे व्रत, ते मोडायचं नाही हे मान्य. पण ज्या मौनातून दोन शब्द बाहेर येऊ शकले त्यातून तिसरा, 'तसं नव्हे' एवढा, येऊ शकला असता. तो यायला पाच-सहा महिने लागले, आणि तोपर्यंत शब्दाने आपलं काम करून टाकलं होतं.

आमच्या घरापर्यंतही ते काम आलं होतं.

अब्बा तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तिशीतले. त्यांच्याकडे 'कुरान-सार'ची हिंदी प्रत होती, पवनारहून आणलेली. विनोबांच्या निवडीतल्या काही आयतींच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्यात, ती प्रत आज माझ्याकडे आहे. १९७६ च्या पावसाळ्यात शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगितलं गेलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. पण वरून आकडे मागितले जात होते आणि खालपर्यंत ते तसेच येत होते. त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. अब्बांना एका कचेरीत सांगितलं गेलं की केस नाही तर पगार नाही. ज्या भिंतीला पाठ लावून साहेब बसले होते त्या भिंतीवर 'अनुशासन पर्व' लिहिलेलं होतं. अब्बा मला म्हणाले होते, "वो पढ़ के लगा, जब बाबा ही बोल रहे हैं तो होगा कुछ सही."

अब्बांनी एक माणूस नेला. आमच्याच मोहल्ल्यातला, जिनिंगमध्ये गाठी उचलणारा. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांना एकच मुलगी होती, चार वर्षांची. अंगावर कर्ज होतं आणि शस्त्रक्रियेचे पैसे मिळत होते. चाचांनी विचारलं, नंतर मूल हवं झालं तर? अब्बांनी सांगितलं, परत उघडता येतं. बैठकीत साहेबांनी तसं सांगितलं होतं. अब्बांचा त्यावर खरंच विश्वास होता की त्या क्षणी विश्वास ठेवणं सोयीचं होतं, हे त्यांना मरेपर्यंत ठरवता आलं नाही. मी विचारलं तेव्हा आधी म्हणाले, "नियत बुरी नहीं थी, बेटा." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मगर तनख़्वाह तो मिली ना."

चाचांना पुढे मूल झालं नाही. दोन-तीन वर्षांनी ते नागपूरला डॉक्टरकडे जाऊन आले होते, एवढं अम्मीला ठाऊक होतं. त्यानंतर त्यांनी अब्बांना सलाम करणं सोडलं. भांडले नाहीत, कुणाकडे बोलले नाहीत, पण मशिदीतून निघताना बाजूने निघून जात. अब्बा दर ईदला त्यांच्या घरी जात. दारात मुलगी यायची, शीरखुर्म्याचा डबा घ्यायची, आणि आतून चाचांचा आवाज नसे. मुलीची फी अब्बांनी दहावीपर्यंत भरली. चाचांनी ती घेतली, मुलीसाठी म्हणून. स्वतःसाठी देऊ केलेलं काहीच कधी घेतलं नाही. मी लहान असताना मला वाटे की चाचा फार ताठ आहेत.

'कुरान-सार'ची ती प्रत अब्बांनी त्यानंतर पुन्हा उघडली नाही, पण फेकलीही नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न-औषध सोडलं आणि दिवाळीत, १५ तारखेला ते गेले, तेव्हा गावातले पुष्कळ लोक पवनारला गेले. अब्बा त्या दिवशी आधी निघाले आणि सेलूपर्यंत जाऊन परत आले, असं अम्मी सांगते.

अब्बा २०१४ मध्ये गेले. जनाजाच्या नमाजाआधी मुलाने उभं राहून विचारायचं असतं की मय्यतकडे कुणाचं देणं असेल तर सांगा, मी देईन, आणि काही चूक झाली असेल तर माफ करा. मी विचारलं. चाचा तिसऱ्या सफमध्ये होते, काठी टेकून. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. काही म्हणाले नाहीत. नमाज झाली, आणि कब्रस्तानाच्या फाटकापाशी त्यांनी कुणाला तरी बाजूला करून काही पावलं खांदा दिला.